हाताने चालते, बूट होताना का अडते?

टर्मिनलवर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट संगणक सुरू होताना मात्र ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणत थांबते. लिनक्स वापरणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. दोष बहुतेकदा स्क्रिप्टचा नसतो, ‘पाथ’चा असतो.

पाथ म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत, कोणत्या क्रमाने शोधायची याची यादी. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ही सोय होती. आपण लॉगिन केले की शेल आपल्या ‘प्रोफाइल’सारख्या फायली वाचून यादीत भर घालते. बूटच्या वेळी कोणी लॉगिन केलेलेच नसते आणि तेव्हा सेवा सुरू करणारा ‘सिस्टमडी’ हा प्रोग्रॅम त्या फायली वाचत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीवर, ठरल्या वेळी किंवा बूट होताना कामे चालवणाऱ्या ‘क्रॉन’ची मूळ यादी तर दोनच फोल्डरांची: ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’. ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये ठेवलेला प्रोग्रॅम तिथे सापडणार कसा?

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पाथ एका लॉग फायलीत लिहून घ्यावा आणि टर्मिनलवरच्या पाथशी ताडून पाहावा. फरक लगेच दिसतो. स्क्रिप्ट थांबताना एक्झिट कोड १२७, म्हणजे ‘कमांड सापडली नाही’, असा आला, तर संशय पक्का समजावा.

उपाय दोन: कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर स्क्रिप्टमध्येच पाथ ठरवून द्या. मात्र त्या यादीत चालू फोल्डर दाखवणारे टिंब घालू नका. स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल, तर त्याच अधिकाराने भलताच प्रोग्रॅम चालण्याचा धोका असतो.