गाडी आणि ऋतुमान : काचेच्या आतले दहिवर

मार्गशीर्ष-पौषातील शनिवारी किंवा मंगळवारी मारुतिरायाच्या दर्शनासाठी नागपूरहून पहाटेच निघून सौंसरच्या वाटेने जामसांवलीस येणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर बहुतेक चालकांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा काच पुसण्याच्या फडक्यावर गुंतलेला आढळतो. थंडीच्या भयाने सर्व काचा घट्ट लावलेल्या, आतल्या हवेस बाहेर पडण्याची सक्त मनाई, आणि पाच-सहा माणसांचा श्वासोच्छ्वास अव्याहत चालू, अशा स्थितीत काच आंधळी झाली की तिचे खापर बिचाऱ्या थंडीवर फुटते.

वास्तविक मामला आपणच कोंडून ठेवलेल्या पाण्याचा आहे. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर १० अंशांस जेमतेम साडेनऊ ग्रॅम. म्हणून आतली उबदार, ओलसर हवा थंड काचेस टेकताच अतिरिक्त बाष्पाचे जलबिंदू होतात. स्वस्थ बसलेला मनुष्य श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. पाच जणांचे मिळून पेलाभर पाणी झाले, आणि मोटारीच्या आतली सारी जागा तर अवघी तीनेक घनमीटर! त्यात पहाटेच्या स्नानाचे ओले पंचे, मागील आसनावर निथळणारी मुलांची डोकी आणि पायांखालच्या ओल्या चटया यांची भर पडते. बाहेर पाहावे तो जाम नदीचे खोरे, ओलीत केलेल्या संत्र्यांच्या बागा आणि त्यांवर उतरलेली धुवारी.

सबब पहिला उपाय ओले कपडे गाडीत न ठेवण्याचा. दुसरा उपाय पुष्कळांस वेडेपणाचा वाटेल, आणि तो म्हणजे थंडीत एसी चालू करणे. एसीची गार नळी हवेतील बाष्प स्वतःवर थेंबरूपाने साठवून नळीवाटे रस्त्यावर सोडते. ही कोरडी झालेली हवा हीटरमधून तापवून समोरच्या काचेवर सोडली असता काही मिनिटांत ती निर्मळ होते. मात्र आतलीच हवा आत फिरविणारे बटन, ज्यावर गाडीच्या आकृतीत वळलेला बाण असतो, ते बंद असले पाहिजे. एसी नसल्यास दोन काचा बोटभर खाली कराव्यात. बाहेरची हवा गार असली तरी तीत बाष्पाचे वजन कमी असते आणि आत तापताच ती कोरडी ठरते. काचेची आतली बाजू दर आठवड्यास स्वच्छ करावी, कारण तेलकट मळावर दव लवकर जमते.

आता बर्फाविषयी. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, म्हणजे तरीही शून्याच्या वरच राहिला. परंतु निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून भोवतालच्या हवेहूनही अधिक थंड होते, आणि म्हणून हवा शून्याच्या वर असतानाही तिच्यावर हिमकण धरू शकतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हा देखावा अधूनमधून दिसतोच. आतून बर्फ धरण्यास मात्र आत शिल्लक राहिलेले बाष्पच कारण होते. ते टाळण्यासाठी मुक्कामी पोहोचल्यावर दोन्ही बाजूंची दारे क्षणभर उघडून ओलसर हवा जाऊ द्यावी, आणि गाडी छपराखाली किंवा समोरच्या काचेवर जाड कापड घालून उभी करावी. गोठलेल्या काचेवर कढत पाणी ओतू नये, ती तडकू शकते.

दर्शनाच्या रांगेस अवकाश आहे म्हणून काचा लावून, इंजिन व हीटर चालू ठेवून गाडीतच निजणारे भाविक असतात, त्यांना कळकळीची विनंती आहे : इंजिनाच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाही, रंग नाही. इंजिन बंद करावे, पांघरूण घ्यावे आणि एक काच किंचित उघडी ठेवूनच निजावे.