बारा आठवड्यांचा धीर

आज गालावर उठलेल्या मुरुमाची सुरुवात साधारण दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिचं तेल ज्या सूक्ष्म नळीतून बाहेर येतं, त्या नळीच्या अस्तरातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटतात आणि तिथे बोळा बसतो. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही शरीरात अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, ग्रंथी जास्त तेल सोडू लागते आणि ते बोळ्यामागे साचतं. त्या तेलावर जगणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. बंद नळीत तो वाढतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर चालून जाते, आणि मग लाली, सूज, पू. आरशात दिसतो तो या घडामोडीचा शेवटचा टप्पा.

हे वेळापत्रक घरात कुणाला माहीत नसतं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडमध्ये दहावी-बारावीतल्या मुलांचे मुरुम वर्षानुवर्षं बरे होत नाहीत, याचं मोठं कारण मला यातच दिसतं. खरा उपचार पहिले दोन महिने फसल्यासारखा वाटतो आणि चुकीचा उपचार चार दिवसांत जिंकल्यासारखा वाटतो.

पोरगं आरशासमोर रडकुंडीला आलेलं असतं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, “उष्णता वाढली, दुसरं काय. लग्न झालं की जातेत आपोआप.” पुष्कळांचे विशीनंतर कमी होतात, हे खरं. पण खोल, दुखऱ्या गाठी जाताना खड्डे ठेवून जातात, आणि ते लग्न झालं तरी राहतात. ज्या वयात वर्गात उभं राहून बोलायचं, फोटो काढायचा, मित्रांत मिसळायचं, त्याच वयात मूल मान खाली घालून चालायला लागतं. मुरुमांचा नैराश्याशी असलेला संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मूल कोशात गेलेलं दिसलं, तर “एवढ्याशा फोडांचं काय घेऊन बसलास” हे वाक्य घरातून हद्दपार करायला हवं.

रक्त खराब झालं, पोट साफ नाही, या समजुतींना आधार नाही. तोंड नीट धूत नाही म्हणून मुरुम येतात, हेही चूकच. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. बोळ्यातलं मेलॅनिन आणि हवेच्या संपर्कात आलेलं तेल यांचा तो रंग. खसाखसा घासून तो जात नाही, उलट दाह वाढतो. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने दिवसातून दोनदा तोंड धुणं पुरे. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते. लिंबाचा रस लावून मराठवाड्याच्या उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात ते वेगळेच. आहाराचं मात्र पूर्ण खोटं नाही. 2002मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या बाराशे जणांना तपासलं, तेव्हा त्यांना एकाच्याही चेहऱ्यावर मुरुम आढळले नाहीत. ती माणसं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खाणारी. यात आनुवंशिकतेचा वाटा असू शकतो. पण 2007मध्ये ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर झालेल्या प्रयोगातही, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ बारा आठवडे कमी केल्यावर मुरुम कमी झाले. तेव्हा थंड पेयं, बिस्किटं, बेकरीचा माल कमी करून पाहावा. भाकरीला किंवा शेंगदाण्याच्या चटणीला घाबरायचं कारण नाही. जिममध्ये जाणारा मुलगा व्हे प्रोटीनची पावडर घेत असेल, तर तीही थांबवून पाहावी. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची रांग असेल तर आधी डोक्याच्या तेलाकडे बघावं. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरून नळ्या बुजवतं. असे मुरुम वैद्यकात 1970पासून नोंदलेले आहेत. आईने प्रेमाने लावलेलं तेल बंद करा असं सांगणं अवघड जातं. ते केस धुण्याआधी दोन तासांपुरतं लावलं तरी चालतं.

आता मेडिकलच्या काउंटरवरच्या ट्यूबकडे येतो, कारण खरी हानी तिथे होते. कुणी शेजारीण, कुणी मित्र, कधी स्वतः दुकानदार एक क्रीम सुचवतो. चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, घरभर आनंद. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड दाह दाबतं आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून त्वचा फिकी आणि शांत दिसते. नळीतला बोळा आहे तिथेच राहतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि नव्याच पुटकुळ्यांचं पीक येतं. क्रीम थांबवलं की आग उसळते, म्हणून ते पुन्हा लावलं जातं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं आहे. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या बारा केंद्रांवरच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतले 104 जण ते मुरुमांसाठी लावत होते. दहापैकी जवळपास सहा जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेलं होतं. आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरुम येणं किंवा वाढणं!

मार्च 2018मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. तरी ती हातात पडतातच. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं, तरी ती ट्यूब मुरुमांवर लावायची नाही. महिनोन्महिने लावलेली असेल तर मात्र एका दिवसात फेकून न देता, कशी सोडायची ते त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. गोरं करणारी क्रीमही याच चाळणीतून जावीत. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुम बसल्यावर काळे डाग महिनोन्महिने टिकतात, घरच्यांना मुरुमांपेक्षा त्या डागांचीच जास्त काळजी असते, आणि त्या काळजीतूनच पोर स्टेरॉइडच्या तोंडी जातं.

खरी औषधं जुनी आणि चांगली पारखलेली आहेत. नळीतला बोळा मुळात होऊच न देणारा गट म्हणजे रेटिनॉइड. फिलाडेल्फियाचे त्वचाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969मध्ये या गटातल्या ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरचा गुण दाखवून दिला. याच क्लिगमनांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, हा डाग या इतिहासावर आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. आज किशोरवयीनांना बहुतेकदा रेटिनॉइडांपैकी तुलनेने सौम्य असं अ‍ॅडापलीन 0.1 टक्के देतात. त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं, आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत. 2.5 टक्क्यांचं जेल 10 टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि आग कमी करतं, म्हणून जास्त आकड्याचा मोह नको. उशीचा अभ्रा पांढरा घ्यावा, रंगीत कापडाचा रंग हे जेल खातं.

लावायची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं अ‍ॅडापलीन सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं. फक्त फोडावर ठिपका देऊन उपयोग नाही; कपाशीत कीड दिसेल त्याच झाडावर फवारा मारून भागत नाही, तसंच हे. उद्याचे मुरुम आज न दिसणाऱ्या नळ्यांत असतात. पहिले काही आठवडे एकाआड एक रात्र लावावं, वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला त्वचा सोलते, कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. इथेच बहुतेक मुलं ट्यूब कोपऱ्यात टाकतात आणि इथेच आईवडिलांची गरज असते. पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेवावा आणि बारा आठवड्यांनी त्याच जागी दुसरा काढावा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचं जेल एकटंच महिनोन्महिने लावणं चूक. जिवाणू त्याला निगरगट्ट होतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्याही तीन-चार महिन्यांपुरत्या, बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिका भाजते.

बारा आठवडे नेमाने लावूनही फरक नाही, गाठी खोल आणि दुखऱ्या आहेत, खड्डे पडू लागले आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठायला हवा. खड्डे दिसत असतील तर बारा आठवडे थांबूही नये. गंगाखेडहून परभणी सुमारे 40 किलोमीटर. तिथे 2023पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि परळीमार्गे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ही जुनी शासकीय महाविद्यालयं आहेत. मजुरी बुडवून जावं लागतं, म्हणून एका खेपेत काम व्हावं. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर ते न लाजता सांगावं. अंडाशयाशी संबंधित पीसीओएसची तपासणी करावी लागते, आणि तिथे उपचाराची दिशाच बदलते.

हट्टी मुरुमांवरचं सर्वांत प्रभावी औषध म्हणजे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. 1979मध्ये अमेरिकेत गॅरी पेक यांनी, कशालाच दाद न देणाऱ्या 14 रुग्णांना त्या चार महिने दिल्या. 13 जणांचा चेहरा पूर्ण स्वच्छ झाला आणि औषध थांबल्यावरही तसाच राहिला. 1982मध्ये तिथे त्यांना मान्यता मिळाली. या गोळ्या तैलग्रंथीच आकसून टाकतात. ओठ जवळजवळ प्रत्येकाचे कोरडे पडतात, रक्तातली चरबी आणि यकृत तपासावं लागतं, मन खूप खिन्न वाटू लागलं तर लगेच कळवावं लागतं. गरोदरपणात घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्यामुळे मुलगी, विशेषतः लग्नाची बोलणी चालू असलेली मुलगी, या गोळ्या घेत असेल, तर गोळी चालू असताना आणि संपल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये, हे डॉक्टरांनी तिला स्वतःला समजावून सांगायला हवं. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची ही गोळी कधीच घेऊ नये.

चेहरा स्वच्छ झाल्यावर अ‍ॅडापलीन लगेच बंद करायचं नसतं. पुष्कळांना ते आठवड्यातून दोन-तीन रात्री, काही महिने ते वर्षभर चालू ठेवावं लागतं, कारण नळ्या पुन्हा बुजण्याचं वय अजून सरलेलं नसतं. काळे डाग त्या काळात आपोआप फिके होत जातात, ऊन टाळलं तर लवकर. राहिलेल्या खड्ड्यांवरचे उपचार त्यानंतरचे. नवे मुरुम येणं थांबल्याशिवाय त्यांवर पैसा घालू नये.