खोलीत न मावलेली माणसं

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर रातोरात राजधानीपण गमावून बसलं. नागपूर करार, अन्याय, अनुशेष यांवर तेव्हापासून रीमच्या रीम लिहून झाले. त्या दिवसाने नागपूरच्या घरांचं काय केलं, हे मात्र फारसं कुणी मांडलेलं नाही. सचिवालयातल्या कारकुनाची नोकरी टिकली, पण नोकरीचं गाव बदललं. कुणाला भोपाळचा हुकूम आला, कुणाला मुंबईचा. सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत सायकलने जाणारी माणसं ट्रंक आणि वळकटी घेऊन मुंबईच्या गाडीत बसली. त्यांत माझे मामा होते.

ती माणसं कशातून निघाली हे आधी सांगायला हवं. महालातला वाडा, नाहीतर धंतोली-धरमपेठेतलं बैठं घर. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि पुढे त्याने पाडलेल्या लेआउटांमुळे साध्या नोकरदारालाही प्लॉट घेणं जमू लागलं. समोर फाटक, फाटकाजवळ मधुमालती, अंगणात तुळस, मागे विहीर आणि पेरूचं झाड. वर गच्ची. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं आणि रात्री ओळीने गाद्या घालायच्या. आलेला पाहुणा कुठे झोपेल हा प्रश्न घरात कधी निघतच नसे. नागपूरच्या माणसाला जागा ही हवेसारखी फुकट वाटत आली, आणि म्हणूनच मुंबईने त्याला पहिल्यांदा जागेचा हिशेब शिकवला.

मामांना दादरला चाळीत खोली मिळाली. सुरुवातीला त्याच कचेरीतल्या दोघा वैदर्भीयांबरोबर, आणि मग मामी आल्यावर स्वतंत्र. दहा बाय बाराची. त्यातच एका कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून ओटा, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला मजल्याचे संडास. पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. मामी सगळ्यांत आधी उठून पिंप आणि कळशा भरून घ्यायची. मग मामा उठायचे, कारण त्यांची गादी गुंडाळल्याशिवाय स्टोव्हपर्यंत पोचता येत नसे. मुलं खाटेखाली झोपायची, त्यांना पाय धरून ओढून काढायचं. कपडे बदलायचे असले की उरलेल्यांनी गॅलरीत उभं राहायचं, पावसाळ्यातसुद्धा. अभ्यासाला जिन्याच्या पायऱ्या. मामीला सणाला चकल्यांचा सोऱ्या लागला तर पोटमाळ्यावरून आधी तीन ट्रंका उतरवाव्या लागायच्या. मी लहानपणी तिथे गेले तेव्हा मला हे सगळं सहलीसारखं वाटलं होतं. मामीच्या कपाळावरची आठी तेव्हा दिसली नाही.

ही खोली एवढीशी का होती? मुंबई बेट आहे, जमीन नाही, हे उत्तर अर्धंच आहे. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या राजवटीत सुरू झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. लोक त्यांना बीडीडी चाळी म्हणतात. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरणगावातल्या कष्टकरी माणसाला एवढं पुरे, असं कुणीतरी नकाशावर ठरवलं आणि तेच माप पुढे तीन-चार पिढ्यांना पुरवावं लागलं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं ते त्या कायद्याने, यात शंका नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी घरं बांधण्यात मालकांना राम उरला नाही, जुन्यांची डागडुजी थांबली आणि खोल्यांचे ताबे पागडीने हातोहात जाऊ लागले. त्यात विदर्भातून आलेल्या कारकुनाकडे पागडीचे पैसे कुठून असणार? वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत क्वार्टर मिळालं तो नशीबवान. बाकीचे यादीत नंबर लावून चाळीत थांबले. काहींचा नंबर लागला तेव्हा मुलीचं लग्न होऊन गेलेलं होतं.

मला या सगळ्यात जे दिसतं ते असं: मुंबईतल्या त्या खोलीचा निम्मा भाग नागपुरात होता. खोलीत न मावणारं सगळं नागपूरच्या घरात येऊन पडत होतं, म्हणून ती खोली चालली.

बाळंतपण नागपूरला. दोन्ही वेळा मामी सातव्या महिन्यात आली ती बाळ तीन महिन्यांचं करूनच गेली. माहेरपण हे तर होतंच, पण खाट-बाळंतीण-शेक-शेगडी हे त्या खोलीत बसवणार कुठे? थोरल्या मामेभावाची मॅट्रिक नागपूरला, आमच्या घरी राहून. मुंज, लग्न, वर्षश्राद्ध नागपूरला. सुट्टी लागली की मुलं दोन महिने नागपूरला. जुनी पुस्तकं, तांब्याचे हंडे, आजोबांचा पलंग, मुंबईत मोह आवरला नाही म्हणून घेतलेलं लाकडी कपाटसुद्धा शेवटी मालगाडीने नागपूरला आलं. आमच्या घराच्या मागच्या खोलीला सगळे 'मामांची खोली' म्हणत. मामा तिच्यात वर्षातून जेमतेम महिनाभर राहात. नागपूर करारातून आलेलं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, तेव्हा मंत्रालयातले मुंबईकर सहकारी थंडीच्या आणि '१६० खोल्यांचे गाळे' नावाच्या सरकारी निवासातल्या मुक्कामाच्या तक्रारी करायचे आणि मामा मात्र अधिवेशनाची ड्युटी मागून घ्यायचे. स्वतःच्या घरात पाय पसरून झोपायला मिळायचं, एवढंच कारण.

सगळं नागपूरला धाडता आलं, पण म्हातारी माणसं धाडायची नव्हती, आणायची होती, आणि तिथे ती खोली हरली. आजी एकटी पडली तेव्हा मामांनी तिला मुंबईला नेलं. आठवडाभरात ती परत आली. रात्री उठायची तर तीन अंथरुणं ओलांडून गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, हे तिला झेपेना आणि कुणाला उठवायचा संकोच वाटे. शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाली, "घर पोराचं हाय, पण मले तिथं ठेवाले जागाच नाही बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. पुढची सगळी वर्षं तिने नागपूरला माझ्या आईजवळ काढली. तिचं दुखणंखुपणं, तिचा दमा, शेवटचं अंथरूण हे सगळं आईने केलं. मुंबईतल्या जागेची टंचाई नागपूरच्या लेकीसुनांनी अशी आपल्या अंगावर घेतली आणि तिचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत नाही.

आजारी माणसाचंही तेच. कर्करोगाच्या उपचारासाठी परळचं टाटा रुग्णालय हे विदर्भातल्या कितीतरी घरांना ठाऊक असलेलं ठिकाण. मुंबईत सख्खा भाऊ असूनही पेशंट त्याच्याकडे उतरू शकत नसे. मग कुणी ओळखीच्या आमदाराच्या चिठ्ठीवर आमदार निवासात सतरंजी टाकायचा, कुणी दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर देवळं नाही, धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, म्हणजे राजधानी हलल्यावर दोन महिन्यांच्या आत. गरिबाला शहरात पाठ टेकायला जागा नसते हे त्या माणसाने ओळखलं होतं आणि त्यावर बोलण्यापेक्षा विटा रचल्या. माझ्या लेखी शहरांच्या घरांबद्दल विसाव्या शतकात महाराष्ट्रात झालेलं सर्वांत समंजस काम ते आहे.

लग्नानंतर मीही बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीमागे डोंबिवलीला गेले. १९८० च्या दशकात दादर-परळ नोकरदाराच्या हाताबाहेर गेलं होतं. लोक कल्याण-डोंबिवली-वसईकडे सरकत होते आणि घरातले वाचलेले फूट लोकलमध्ये फेडत होते. वन रूम किचन, स्वतःचा संडास, नळाला ठरावीक वेळी पाणी. चाळीच्या मानाने चैनच. पण आई माझ्याकडे राहायला आली की बाहेरच्या खोलीतला सोफा कम बेड तिला द्यायचा, आम्ही स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून झोपायचं, आणि चौथ्या दिवसापासून ती परतीच्या रिझर्व्हेशनचं विचारायला लागायची. मामीची आठी मला तेव्हा कळली.

चाळीतल्या आपुलकीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते खोटं नाही. उघडी दारं, वाटीभर साखर, गणपती, कुणाच्या अडीअडचणीला धावून येणारा अख्खा मजला, हे मी पाहिलंय. तरी त्या गौरवात मला एक गोष्ट बोचते. लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि ते दिवसभर बाहेर असायचे. खोलीत दिवस काढला तो बायकांनी. नवविवाहित जोडप्यांना दोन शब्द एकांतात बोलायला शिवाजी पार्कचा कट्टा गाठावा लागत होता. माणसं जवळ आली ती खोली लहान होती म्हणून नव्हे, ती मुळात भली होती म्हणून. मोठ्या घरातही ती तशीच वागली असती.

सरकारी मापं पाहिली तर ही अडचण किती हळू कबूल झाली ते दिसतं. १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसनाची मोफत घरांची योजना आली तेव्हा कुटुंबाला २२५ चौरस फूट देऊ केले. पुढे ते २६९ झाले, मग ३००. बीडीडी चाळींच्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर कबूल झालं आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. एकशेसाठपासून पाचशेपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. ज्या दिवशी किल्ल्या वाटल्या त्या दिवशी टीव्हीवर एक आजी नव्या घरात मुलाच्या खोलीपासून स्वतःच्या खोलीपर्यंत चालून पाहात होत्या. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं.

नागपूरकरांची पुढची पिढी मुंबईऐवजी पुण्याकडे वळली. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुलं हिंजवडी-वाकडच्या टू बीएचकेत सहा-सहा जण राहिली. कॉट बेसिस हा शब्द आमच्या घरात माझ्या भाच्याने आणला: भाडं घराचं नाही, खाटेचं. लग्न झाल्यावर वन बीएचके, त्याचा वीस वर्षांचा हप्ता, आणि मूल झालं की पुन्हा नागपूरला फोन, "आई, सहा महिने येतेस का?" आई जाते. बाबा नागपूरला डबा लावतात. दोघांना एकत्र ठेवायला पुण्यात जागा नसते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महिन्या-दोन महिन्यांत ही मुलं मिळेल त्या वाहनाने परत आली. आमच्या लक्ष्मीनगरच्या गल्लीत वर्षानुवर्षं मिटलेल्या खिडक्या उघडल्या. मागच्या खोलीत लॅपटॉप, गच्चीवर मीटिंग, अंगणात नातवंडं. रोगाच्या भीतीने झालेली ती गोष्ट, तिचं कौतुक करवत नाही. पण कचेरी घराकडे येऊ शकते हे त्या दीड वर्षात सिद्ध झालं, आणि कंपन्यांनी बोलावणं धाडताच ते सोयीस्करपणे विसरलंही गेलं.

दरम्यान मुंबईच्या खोलीचा इकडचा, नागपुरातला निम्मा भागही सुटत चाललाय. आमच्या गल्लीतली बैठी घरं एकेक करून बिल्डरला दिली जात आहेत. मुलं येणार नाहीत, आईवडिलांना जिना चढवत नाही, विहीर बुजली, मधुमालतीला पाणी घालायला माणूस मिळत नाही. एका प्लॉटवर आठ फ्लॅट उभे राहतात आणि मालकाला त्यांतला एक मिळतो. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडला तर वन बीएचकेच्या रांगा आहेत. परवडणाऱ्या घरांच्या पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतलं माप सुरुवातीला ठरलं. झोपडीतून तिथे जाणाऱ्याला ते मोठंच वाटेल, आणि मिळायलाच हवं. पण ज्या गावाभोवती मैलोन्मैल मोकळी जमीन आहे, त्याने बेटावरच्या शहराचं माप का उचलावं, हे मला समजत नाही. मुंबईच्या खोलीला आधार द्यायला नागपूर होतं. नागपूरच्या वन बीएचकेला आधार द्यायला कोण आहे?

नागपूरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या, काही मुलं परतली, राहत्या घरातून कामाला जाऊ लागली. २००२ पासून त्या प्रकल्पाची जेवढी भाषणं ऐकली त्या मानाने नोकऱ्या थोड्या आहेत, पण दिशा हीच बरोबर आहे. मुंबई-पुण्यात आणखी दहा लाख लहान घरं बांधण्यापेक्षा जिथे घरं आहेत तिथे कामं नेणं स्वस्त पडेल, आणि आपल्या लोकप्रतिनिधींना दर अधिवेशनात हाच एक प्रश्न विचारला पाहिजे. समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबई गाठायला आठ तास लागतात, याचं कौतुक पुरे झालं. मुलांना जावंच लागू नये हे बघा.

आणि ज्यांच्या घराचा करार सध्या बिल्डरच्या टेबलावर आहे, त्या माझ्या गल्लीतल्या आणि इतर गल्ल्यांतल्या मंडळींना एक विनंती. नकाशावर सही करण्याआधी वाढीव पैशांऐवजी एक वाढीव खोली मागून घ्या, जमलं तर तळमजल्यावरची. त्या खोलीत कोण राहील हे आज सांगता येणार नाही. मामांची खोली बांधली तेव्हा माझ्या आजोबांनाही ते ठाऊक नव्हतं.