शिळे उत्तर

आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. एके दुपारी एक आजोबा उन्हातून आले. संकेतस्थळावर ‘उपलब्ध’ दिसलेले पुस्तक आदल्याच दिवशी कुणीतरी नेले होते. ‘मग तसे लिहिता कशाला?’ त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. देवघेवीसाठी त्यात एक प्लगइन, म्हणजे जोडीला बसवलेला छोटा प्रोग्रॅम आहे. वेग वाढावा म्हणून मी नुकतेच दुसरे बसवले होते. डेटाबेसने एकदा दिलेले उत्तर ते साठवून ठेवते आणि तोच प्रश्न आला की तेच पुढे करते. याला कॅशिंग म्हणतात. मूळ नोंद बदलली की ही साठवण पुसावी लागते. देवघेवीचे प्लगइन मात्र परस्पर नोंद करत होते, दुसऱ्याला वर्दीच नव्हती. एकेकटी दोन्ही निर्दोष, एकत्र आली की घोटाळा!

कॅशिंगचे प्लगइन बंद केले, तरी दोष कायम. त्याची एक फाइल ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये मागे राहून काम करतच होती.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आधी संकेतस्थळाची प्रत काढा आणि तिच्यावरच प्रयोग करा. प्रथम साठवण रिकामी करा, मग कॅशिंग बंद करा, मागे राहिलेली फाइल काढा. तरीही दोष राहिला, तर उरलेली प्लगइन निम्मी-निम्मी बंद करत जा. वीस असली तरी पाच फेऱ्यांत दोषी सापडते. प्रत्येक फेरीनंतर साठवण पुन्हा रिकामी करा, नाहीतर शिळ्या उत्तरावरून निष्कर्ष काढाल.

आम्ही देवघेवीच्या नोंदी साठवणीतून वगळल्या. यादी जरा सावकाश उघडते. पण खरे सांगते.