लोकर, प्लायवूड आणि वारा

स्पोर्ट्‌स कारच्या हौशी मालकाची हत्यारपेटी उघडली, तर तीत पाने, पकड, स्क्रू-ड्रायव्हर हे सारे असणारच. पण त्यांच्याशेजारी लाल लोकरीचा एक गुंडाही सापडला, तर चकित होऊ नये. तो स्वेटरसाठी आणलेला नसतो. त्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे एक टोक चिकटपट्टीने गाडीच्या अंगावर डकवायचे, टपावर, मागच्या काचेवर, डिकीच्या झाकणावर. आणि मग मोकळ्या ट्रॅकवर गाडी पळवायची. मित्राने दुसऱ्या गाडीतून फोटो काढायचे. लोकर जिथे शहाण्या मुलासारखी सरळ मागे पडून राहते, तिथे वारा गाडीच्या अंगाला धरून वाहतो आहे. जिथे ती थरथरते, गोल फिरते, प्रसंगी उलटी पुढे येते, तिथे वाऱ्याने गाडीची साथ सोडली आहे. विमानशास्त्राची ही जुनी युक्ती. मोठ्या कंपन्यांच्या विंड टनेलमध्ये जे दिसते, त्यातले बरेचसे या गुंड्याच्या किमतीत दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? माझदा कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेली मिआटा ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी घेऊ. २०१६ साली तिच्या दहा लाखाव्या गाडीचे उत्पादन झाले, इतकी ती लोकांच्या गळ्यातली ताईत. अमेरिकेत जुनी मिआटा घेऊन सुटीच्या दिवशी ट्रॅकवर जाणारे असंख्य आहेत. ताशी १०० किलोमीटर वेगाला नुसती हवा कापण्यासाठी या गाडीला, ढोबळ हिशोबाने, ११ अश्वशक्ती लागते. वेग २०० केला तर? २२ नव्हे, जवळजवळ ९०! वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. पहिल्या मिआटाच्या इंजिनाची एकूण ताकदच ११६ अश्वशक्तीच्या आसपास होती. म्हणजे वेगाची खरी लढाई रस्त्याशी नसून वाऱ्याशी आहे.

आणि वारा नुसता अडवत नाही, तो उचलतोही. मोटारीची पाठ फुगीर आणि पोट सपाट, म्हणजे जवळजवळ विमानाच्या पंखाचाच आकार. वेग वाढतो तशी गाडी हलकी होत जाते, टायरची जमिनीवरची पकड सुटू लागते. म्हणून या हौशी मंडळींची निम्मी धडपड हवा कापण्याची असते, तर निम्मी गाडीला जमिनीशी दाबून धरण्याची.

यातले त्यांचे लाडके साधन म्हणजे स्प्लिटर. नाव भारदस्त, वस्तू साधी. पुढच्या बंपरखाली जमिनीला समांतर, फळीसारखा पुढे आलेला एक ओठ. बंपरवर आदळून तुंबलेली हवा या फळीला वरून दाबते. खालून निसटणारी हवा वेगाने पळत असल्यामुळे तिचा दाब कमी पडतो. दोन्ही मिळून गाडीचे नाक खाली दाबले जाते. शर्यतीच्या गाड्यांना हा भाग कार्बन फायबरचा असतो आणि त्याची किंमत विचारायची सोय नसते. हौशी माणूस सुतारकामाच्या दुकानातून १२ मिलिमीटरचा प्लायवूड आणतो, बंपरचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतो, करवतीने कापतो, कडा घासतो, काळा रंग देतो. ट्रॅकवर घासून झिजला, तर पुढच्या आठवड्यात दुसरा! मात्र त्याचे टेकू भक्कम हवेत. फळीवर उभे राहून पाहा, ती वाकता कामा नये, असा या मंडळींचा दंडक आहे. तो योग्यच, ताशी १५० किलोमीटर वेगाला सुटलेली फळी मागून येणाऱ्याच्या काचेवर जाते.

गाडीचे पोट गुळगुळीत करण्यासाठी काही जण पन्हळी प्लॅस्टिकचे पत्रे वापरतात. अमेरिकेत निवडणुकीचे फलक याच पत्र्यांचे असतात. निकालानंतर ते निरुपयोगी ठरतात. मग एखादा पडलेला उमेदवार कुणाच्या तरी गाडीखाली का होईना, उपयोगी पडतो. एक्झॉस्टच्या नळीपासून मात्र हे प्लॅस्टिक दूर ठेवावे लागते. रेडिएटरच्या जाळीवर चिकटपट्टी लावणे तर त्याहून स्वस्त, पण पट्टी जास्त झाली की इंजिन तापते.

मागच्या पंखाची गंमत वेगळी. १९७१ साली अमेरिकेत फिनिक्सच्या ट्रॅकवर बॉबी उन्सर हा शर्यतपटू चाचणी घेत होता आणि गाडी काही केल्या वेग घेईना. संघाचा मालक डॅन गर्नी हा स्वतः नामांकित शर्यतपटू. त्याने मागच्या पंखाच्या कडेला काटकोनात वाकवलेली ॲल्युमिनियमची एक अरुंद पट्टी ठोकून दिली. सारे काम तासाभराच्या आतले. फेरीची वेळ सुधारली नाही, पण उन्सरने गर्नीला बाजूला घेऊन हळूच सांगितले, की मागची बाजू आता जमिनीला इतकी घट्ट धरते आहे, की पुढची चाके कमी पडू लागली आहेत. पुढचाही दाब वाढवला, आणि गाडी पळाली. ही पट्टी कशासाठी, असे कुणी विचारले तर गर्नी सांगे, गाडी ढकलताना पंखाच्या धारेने हात कापू नयेत म्हणून! पुढे विमानवाल्यांनी तिचा अभ्यास केला आणि ‘गर्नी फ्लॅप’ हे नाव शास्त्राच्या पुस्तकांत गेले.

उन्सरचे ते वाक्य मात्र घरगुती कारागिरांनी नीट ऐकायला हवे. एका टोकाला दाब वाढवला, की दुसऱ्या टोकाचा हिशोब बदलतो. नुसता पुढे स्प्लिटर लावला, तर नाक जमिनीला चिकटते आणि मागची बाजू तुलनेने हलकी पडते. सरळ रस्त्यावर हे कळतही नाही. वेगात असताना लेन बदलावी लागली, वळणात अचानक ब्रेक दाबावा लागला, की गाडी गर्रकन फिरते. आउडी टीटी ही देखणी, गोलाकार पाठीची गाडी १९९८ साली आली, तेव्हा तिच्या मागे स्पॉइलर नव्हता. जर्मनीच्या महामार्गांवर भरधाव असताना ताबा सुटून अपघात झाले, माणसे दगावली. शेवटी विकलेल्या गाड्या परत बोलावून कंपनीने मागे छोटा स्पॉइलर बसवला, सस्पेन्शन बदलले आणि ताबा राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. ज्यांच्या दिमतीला विंड टनेल होते, त्यांची ही गत!

याउलट पोर्शेचे उदाहरण. त्यांनी ९११ एस गाडीला आधी पुढे ओठ दिला. मग १९७२ साली, मागची बाजू हलकी पडते हे ओळखून, कॅरेरा आरएस या गाडीच्या मागच्या इंजिनाच्या झाकणाला बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला. अशा ५०० गाड्या काढण्याचा बेत होता, १,५८० निघाल्या.

आपल्याकडे मागे स्पॉइलर चिकटवलेली छोटी कौटुंबिक गाडी दिसते, ती शोभेचीच. शहरातल्या ५०-६०च्या वेगाला तो पंख कपाटावरच्या फ्लॉवरपॉटइतकेच काम करतो. पुढे प्लायवूडचा ओठ लावलाच, तर पहिला गतिरोधक तो काढून घेईल. शिवाय कायदा आहे. नोंदणीपत्रातले मूळ तपशील बदलतील असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. हौस भागवायची तर बंदिस्त ट्रॅकवर जावे.

पण वाऱ्याचा एक उपाय आपल्याही घरात आहे, आणि त्याला लोकरही लागत नाही. गणपतीला कोकणात जाताना सामानासाठी टपावर बसवलेला कॅरिअर परतल्यावर कितीतरी घरांत तसाच राहतो. महामार्गावर तो रिकामा कॅरिअर लिटरमागे लिटर पेट्रोल वाऱ्याला देत असतो. पान्याने चार नट सैल केले, की तो उतरतो.