चाकांवरचे घर महानगरातून नेताना

अमेरिकेत सुटीच्या दिवसांत मोटारीच्या मागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. या ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. आत बिछाने, शेगडी, शीतकपाट आणि स्वच्छतागृह असते. पुढील पिकअप वा दणकट मोटार हे सारे बिऱ्हाड ओढून नेते. राष्ट्रीय उद्यानांकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यांवर हा प्रवास सुखाचा असतो. परंतु वाटेत महानगर लागले, की मोटारचालकाला एरवी विचारात न घ्याव्या लागणाऱ्या गोष्टींचा हिशेब करावा लागतो. वॉशिंग्टनपासून बाल्टिमोर, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्कमार्गे बोस्टनपर्यंतचा सुमारे ७०० किलोमीटरचा पट्टा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. येथे अडचण केवळ गर्दीची नसते. समोर दिसणाऱ्या रस्त्याने आपल्याला जाता येईल का, हा खरा प्रश्न असतो.

बोगदा आणि गॅसची टाकी

बहुतेक ट्रेलरच्या पुढच्या भागात, जोडणीच्या दांड्यांवर, प्रोपेन वायूच्या एक किंवा दोन टाक्या बसविलेल्या असतात. शेगडी, पाणी तापविण्याचे यंत्र आणि थंडीत लागणारी ऊब यांसाठी हा वायू वापरला जातो. प्रत्येक टाकीत साधारणतः ९ ते १४ किलो वायू मावतो. आपल्याकडील घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो, हे लक्षात घेतल्यास या टाकीच्या आकाराची कल्पना येईल.

प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. गळती झाल्यास तो वर निघून न जाता सखल जागी साचतो. नदीखालून वा बंदराखालून जाणारा बोगदा मध्यभागी सर्वांत खोल असल्याने तेथे वायू साठण्याचा धोका अधिक असतो. बंदिस्त जागेतील आग किती भीषण ठरू शकते, याचा अनुभव न्यूयॉर्कने १३ मे १९४९ रोजी घेतला. हडसन नदीखालील हॉलंड बोगद्यात कार्बन डायसल्फाइडची पिंपे नेणाऱ्या एका ट्रकला त्या दिवशी आग लागली, इतर अनेक ट्रक तिच्या भक्ष्यस्थानी पडले आणि बोगद्याच्या छताची मोठी हानी झाली. ज्वालाग्राही पदार्थांबाबत बोगद्यांचे नियम इतके कडक का असतात, हे अशा घटनांवरून स्पष्ट होते.

बाल्टिमोर बंदराखालून दोन बोगदे जातात. हार्बर बोगदा १९५७ मध्ये, तर फोर्ट मॅकहेन्री बोगदा १९८५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंपेक्षा अधिक प्रोपेनची टाकी बाळगणाऱ्या वाहनांना या दोन्ही बोगद्यांत प्रवेश नाही. त्यामुळे नेहमीचा ट्रेलर या मनाईच्या कक्षेत आपोआप येतो. अशा वाहनांसाठी बंदर ओलांडण्याचा तिसरा मार्ग होता तो १९७७ मध्ये खुला झालेल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा.

२६ मार्च २०२४ रोजी पहाटे दीडच्या सुमारास वीजपुरवठा खंडित झाल्याने भरकटलेले 'डाली' हे मालवाहू जहाज या पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल कोसळला. पुलावर रस्तादुरुस्तीचे काम करणाऱ्या सहा कामगारांचा या दुर्घटनेत मृत्यू झाला. जहाजावरील बहुतेक कर्मचारी भारतीय असल्याने या घटनेची आपल्या देशातही मोठी चर्चा झाली होती. पूल पडल्यानंतर सामान्य मोटारींसाठी दोन्ही बोगदे उपलब्ध होते. गॅसच्या टाक्या असलेल्या वाहनांना मात्र ६९५ क्रमांकाच्या वर्तुळाकार महामार्गाच्या पश्चिम बाजूने शहराला वळसा घालण्यावाचून पर्याय उरला नाही. एक दुवा निखळताच ट्रेलरचालकाच्या हाती किती थोडे रस्ते असतात, हे यावरून दिसून आले.

हे नियम सर्वत्र सारखे नाहीत. व्हर्जिनियातील चेसापीक उपसागरावरील पूल-बोगद्यातून ठरावीक मर्यादेतील टाक्या, झडपा बंद ठेवून नेता येतात. म्हणून प्रत्येक बोगद्याचा नियम निघण्यापूर्वीच पाहून ठेवणे आवश्यक ठरते.

कमानींची उंची

दुसरा अडसर उंचीचा. छतावरील वातानुकूलन यंत्रासह ट्रेलरची उंची तीन मीटरहून अधिक असते. आंतरराज्य महामार्गांवरील पुलांखाली सामान्यतः याहून बरीच जास्त मोकळी जागा सोडलेली असते. न्यूयॉर्क परिसरातील 'पार्कवे' या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी बरेच रस्ते १९२० व १९३० च्या दशकांत केवळ खासगी मोटारींच्या सहलींसाठी बांधण्यात आले. त्यांवरील अनेक दगडी कमानींखाली तीन मीटर उंचीही मिळत नाही. या रस्त्यांवर ट्रक व ट्रेलर यांना मनाई आहे.

बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जाणारा स्टॉरो ड्राइव्ह हा रस्ता याच कारणाने प्रसिद्ध आहे. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, घरे बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे भाड्याचे ट्रक येथील पुलांखाली अडकून छत फाटल्याच्या घटना वारंवार घडतात. फलक लावलेले असतात. पण दूरध्वनीवरील नकाशा दाखवील त्या वळणावर चालक वळतो आणि फलक लक्षात येईपर्यंत मागे फिरण्यास जागा उरत नाही. नेहमीच्या नकाशाला वाहनाची उंची ठाऊक नसते. उंची, लांबी व गॅसची टाकी यांची नोंद करता येणारी मार्गदर्शक यंत्रे स्वतंत्रपणे मिळतात. वाहनाची प्रत्यक्ष मोजलेली उंची मोठ्या अक्षरांत चालकासमोर चिकटवून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय होय.

वळण, अंतर आणि ब्रेक

योग्य रस्ता निवडल्यानंतर चालविण्याच्या कौशल्याचा प्रश्न येतो. मध्यम आकाराचा ट्रेलर व पिकअप यांची एकत्रित लांबी १३-१४ मीटरपर्यंत जाते; म्हणजे ती शहरातील नेहमीच्या बसपेक्षा अधिक असते. वळताना ट्रेलरची चाके पुढील मोटारीच्या चाकोरीतून जात नाहीत, तर वळणाच्या आतील बाजूस सरकतात. अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने तेथे उजवे वळण अरुंद असते. मोटारीच्या सवयीने ते घेतल्यास ट्रेलरचे चाक पदपथावर चढते किंवा कोपऱ्यावरील खांबाला घासते. त्यामुळे नेहमीपेक्षा थोडे पुढे जाऊन मग वळावे लागते.

मार्गिका बदलतानाही मागील संपूर्ण लांबी ध्यानात ठेवावी लागते. मोटारीचे मूळ आरसे ट्रेलरच्या रुंदीमुळे निकामी ठरतात. म्हणून बाहेर येणारे लांब आरसे बसवितात. उजवीकडील अगदी कडेच्या मार्गिकेत सतत वाहने येत-जात असल्याने, नियम आड येत नसल्यास, तिच्या शेजारची मार्गिका धरून चालणे अधिक सोयीचे असते.

भरलेला ट्रेलर दोन ते तीन टन वजनाचा असू शकतो. त्यामुळे थांबण्यास अधिक अंतर लागते. शहरात असे अंतर राखले, की त्या मोकळ्या जागेत दुसरी मोटार घुसते. अशा वेळी रागावण्यात अर्थ नसतो. वेग किंचित कमी करून अंतर पुन्हा तयार करावे लागते. ट्रेलरला विजेवर चालणारे स्वतःचे ब्रेक असतात आणि त्यांचा जोर चालकाजवळील नियंत्रकाने कमी-जास्त करता येतो. शहरात शिरण्यापूर्वी मोकळ्या जागी हे ब्रेक तपासून घेणे इष्ट असते.

सामानाची मांडणीही तितकीच महत्त्वाची आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर पडावा, असा संकेत आहे. मागील बाजूस वजन अधिक झाल्यास वेगात जाताना, विशेषतः शेजारून मोठा ट्रक गेल्यावर, ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो. त्या वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबल्यास हेलकावे वाढण्याचा संभव असतो. वेगवर्धकावरील पाय अलगद काढून, हाताच्या कळीने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावणे हा यावरील मान्य उपाय आहे.

चूक झालीच, तर मागे घेण्याची वेळ येते. सुकाणूचक्र उजवीकडे फिरविल्यास ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जातो, यामुळे नवखा चालक गोंधळतो. हात चक्राच्या तळाशी ठेवल्यास हा गोंधळ टळतो. कारण मग हात ज्या दिशेला सरकेल, त्याच दिशेला ट्रेलर वळतो. गर्दीत हे करताना सोबतच्या व्यक्तीने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहणे सुरक्षित असते.

वळसा घेण्याचा पर्याय

न्यूयॉर्क शहरातून जाणे अनिवार्य असेल, तर १९३१ मध्ये खुला झालेला दुमजली जॉर्ज वॉशिंग्टन पूल आहे. मात्र गॅसच्या टाक्या असलेल्या वाहनांना वरच्या मजल्यावरूनच जावे लागते. बोस्टनकडे जाणारे अनेक प्रवासी २८७ क्रमांकाच्या महामार्गाने शहराच्या उत्तरेकडून वळसा घेतात. शहरातून जावेच लागले, तर रविवारची पहाट त्यातल्या त्यात निर्वेध असते. इंधनही शहराच्या अलीकडेच भरून घेतात. कारण शहरातील इंधन केंद्रांत एवढे लांब वाहन वळविण्यास सहसा जागा नसते.

वळशात काही किलोमीटर वाढतात आणि क्वचित तासभर अधिक जातो. बोगद्याच्या तोंडाशी वा बुटक्या कमानीखाली अडकलेल्या ट्रेलरमुळे मात्र मागची सारी वाहतूक ठप्प होते आणि त्यात रुग्णवाहिकाही असू शकते. म्हणूनच चाकांवरचे घर घेऊन निघणाऱ्याने किल्ली फिरविण्यापूर्वी घरच्या टेबलावर नकाशा पसरून उंची, वजन आणि गॅस या तिन्ही गोष्टींची रस्त्याशी पडताळणी करावी, हे श्रेयस्कर.