धाडलेला मजकूर अडतो कोठें?

धारूर हें नांव एकाच गांवाचें नाहीं. बीड जिल्ह्यांत आपलें किल्ले धारूर आहे, तसेंच तेलंगणांतहि धारूर नांवाचीं गांवें आहेत. म्हणून पाकिटावर नुसतें 'धारूर' लिहून भागत नाहीं. ४३११२४ हा सहा आंकड्यांचा पिनकोड लिहिला म्हणजे पत्रानें कोणती वाट धरावयाची याविषयीं संशय उरत नाहीं. ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्रांतीलच. टपालखात्यांत मोठ्या हुद्यावर असूनहि संस्कृतांत काव्यरचना करणारे असे ते रसिक विद्वान होते.

टपालाचें पत्र चुकलें तर त्यावरचे शिक्के पाहून तें कोणत्या टप्प्यावर चुकलें हें काढतां येतें. संगणकावरून धाडलेल्या पत्रासहि असे शिक्के असतात, परंतु ते कोठें पाहावयाचे हें पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि म्हणून "गेलें नाहीं ना? पुन्हा बटण दाबा" एवढा एकच उपाय चोहोंकडे चालतो. हा उपाय कित्येकदां रोगापेक्षां वाईट ठरतो. तो कसा, हें सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

ई-मेल आणि न्यूजग्रुप हीं दोन्हीं एकाच खिडकींत दाखविणारे कांहीं प्रोग्राम आहेत. पूर्वीं नेटस्केप व आउटलुक एक्सप्रेस हे त्यांतले प्रसिद्ध होते. डिसेंबर २००४ मध्यें ज्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली तो थंडरबर्ड आजहि चालतो. वाचणाऱ्यास वाटतें, खिडकी एक म्हणजे टपालहि एक. येथेंच पहिली फसगत होते. ई-मेल हें बंद पाकीट आहे. तें एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातें. न्यूजग्रुपांतील लेख म्हणजे चावडीवर लावलेली नोटीस. आणि चावडी तरी एकच नव्हे, कारण एका गांवची नोटीस शेजारचें गांव उतरून घेतें, त्याच्याकडून पुढचें, असें करीत ती जगभर पसरते. या दुसऱ्या व्यवस्थेस यूजनेट म्हणतात. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोघांनीं तिची कल्पना काढली.

दोन्हीं टपालांचे हरकारे निराळे, नियम निराळे व दरवाजेहि निराळे आहेत. ई-मेल नेणारी एस्‌एम्‌टीपी ही पद्धति १९८२ सालीं ठरली. न्यूजग्रुपाची एन्‌एन्‌टीपी ही १९८६ सालीं. तेव्हां मजकूर अडला म्हणजे पहिला प्रश्न हाच कीं, तो कोणत्या वाटेवर अडला? त्याच वेळीं दुसरें एखादें साधें ई-मेल धाडून पाहावें. तें गेलें तर आपली जोडणी धड आहे आणि दोष न्यूजग्रुपाच्या बाजूस आहे, हें दोन मिनिटांत कळतें.

आतां आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. या गोष्टीस बरींच वर्षें झालीं. मराठी भाषिकांसाठीं यूजनेटवर 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या नांवाचा एक समूह होता. आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व मुलांच्या शाळेची आबाळ होते, हें सर्वांस ठाऊक आहेच. त्याविषयीं एका सद्‌गृहस्थांनीं समूहांत आस्थेनें विचारणा केली होती. आम्हीं त्यांना एका मुलाची हकीकत कळविण्याचें ठरविलें. आईबाप कारखान्यावर, घरीं आजारी आजी, वसतिगृहाचे पैसे थकलेले, असें सारें त्याच्या नांवानिशीं लिहिलें. पत्र खाजगी होतें. पण बटण दाबलें तें 'रिप्लाय' या ऐवजीं 'फॉलोअप'. पहिल्यानें उत्तर लेखकाकडे जातें, दुसऱ्यानें समूहाकडे. थोडा वेळ झाला तरी पत्र गेल्याची खूण दिसेना, म्हणून आम्हीं तें आणखी दोनदां धाडलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों समूहांत तीन प्रती! पहिल्या वेळींच लेख गेला होता. फक्त आमच्या पडद्यावर तो यावयाचा होता.

लेख मागें घेण्यासाठीं 'कॅन्सल' नांवाची सोय आहे. ती आम्हीं वापरली. परंतु लेख रद्द करण्याची ही आज्ञा पुष्कळ सर्व्हर मानीतच नाहींत, कारण दुसऱ्याचे लेख खोट्या नांवानें पुसण्यासाठीं तिचा दुरुपयोग फार झाला. शिवाय यूजनेटच्या जुन्या लेखांचा मोठा संग्रह २००१ सालीं गूगलनें विकत घेऊन जपून ठेवला आहे. त्या मुलाची गरिबी आम्हीं चावडीवर लावली, व ती उतरविणें आमच्या हातीं राहिलें नाहीं. त्याच्या वडिलांस हें सांगावयास आम्ही गेलों तेव्हां ते रागावले नाहींत, "मास्तर, कोण वाचतंय ते!" एवढेंच म्हणाले. रागावते तर बरें वाटलें असतें.

म्हणून धाडण्यापूर्वीं पत्त्याची ओळ वाचावी. तेथें 'टू' असेल तर तें पाकीट, 'न्यूजग्रुप' असेल तर ती नोटीस. दोन्हीं ओळी भरलेल्या असल्या तर मजकूर दोन्हीं वाटांनीं जातो, आणि एक वाट मोकळी व दुसरी बंद असेंहि होऊं शकतें. मग चुकीची सूचना पाहून आपण पुन्हा धाडतों, व जी वाट मोकळी होती तीवर दुसरी प्रत जाते. प्रत्येक लेखास 'मेसेज-आयडी' नांवाचा स्वतंत्र क्रमांक असतो; एका क्रमांकाचा लेख सर्व्हर दुसऱ्यांदा घेत नाहीं. पण आपण नव्यानें धाडलें कीं क्रमांकहि नवा पडतो, आणि सर्व्हरच्या दृष्टीनें तो निराळाच लेख होतो.

मजकूर खरोखरच गेला नसेल तर चुकीच्या सूचनेंत बहुधा तीन आंकडे दिसतात. तेच शिक्के. लोक ती सूचना न वाचतां मिटवितात. ती कागदावर उतरून घ्यावी. ई-मेलच्या वाटेवर ४ नें सुरू होणारा आंकडा म्हणजे "सध्यां जमत नाहीं, मागाहून पाहूं". ५ नें सुरू होणारा म्हणजे साफ नकार. ५५० हा बहुधा पत्ता नाहीं किंवा स्वीकारीत नाहीं असें सांगतो, ५३५ हा नांव व पासवर्ड जुळले नाहींत असें. ५३५ दिसला म्हणजे पासवर्ड चुकलाच असें मात्र समजूं नये. गूगलनें ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांस नुसत्या नेहमींच्या पासवर्डावर जुन्या प्रोग्रामांतून आंत येऊं देणें बंद केलें, त्यामुळें कित्येकांचे बिनचूक पासवर्ड एका रात्रींत नापास झाले. तेथें प्रोग्रामची नवी आवृत्ति घेणें हा एक मार्ग.

न्यूजग्रुपचा सर्व्हर तर दारांतच आपली पायरी सांगतो. जोडणी होतांच तो २०० म्हणाला तर वाचण्याची व लिहिण्याचीहि मुभा आहे. २०१ म्हणाला तर फक्त वाचा. ४८० म्हणजे आधीं आपली ओळख पटवा. ४११ म्हणजे या नांवाचा समूह येथें नाहीं. नांवांत एखादें टिंब चुकलें तरी हा शिक्का बसतो. ४४० म्हणजे येथें लिहिण्यास बंदी. २४० आला कीं लेख स्वीकारला गेला. मग पडद्यावर दिसो वा न दिसो, पुन्हा धाडूं नये. सर्वांत घोटाळ्याचा तो ४४१. लेख नाकारला, एवढेंच तो म्हणतो; कारण पुढील शब्दांत असतें. दुसऱ्याचा मजकूर पानभर उतरून खालीं "होय, खरें आहे" एवढेंच लिहिलें, केवळ लेखनासाठीं असलेल्या समूहांत चित्र जोडलें, एकच लेख फार समूहांस एकदम धाडला, किंवा लेखावरील तारीखच चुकीची असली, तर कित्येक सर्व्हर हाच आंकडा देतात.

या तारखेच्या दोषाकडे आपल्या भागांतील वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. जुन्या संगणकांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतां घड्याळ चालू ठेवणें हें तिचें काम. ती संपली कीं दर वेळीं वीज जाऊन आली म्हणजे यंत्र कित्येक वर्षें मागें जातें. मग न्यूजग्रुपचा सर्व्हर लेख फार जुना म्हणून परत करतो, आणि ई-मेलच्या सर्व्हरचें सुरक्षेचें ओळखपत्र आपलें यंत्र "याची मुदत अजून सुरूच झाली नाहीं" म्हणून नाकारतें. अशा वेळीं दोन्हीं वाटा एकदम बंद पडतात व माणूस इंटरनेटवाल्यास दोष देतो. आम्हीं स्वतः एक अख्खी दुपार तारा तपासण्यांत घालविली आहे. पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख आधीं पाहावी. त्यास कांहीं लागत नाहीं.

कांहीं समूहांवर नियामक असतो. तेथें लेख थेट लागत नाहीं; न्यूजग्रुपचा सर्व्हर तो ई-मेलनें नियामकाकडे पाठवितो व त्यानें पसंत केल्यावर तो प्रसिद्ध होतो. १८४२ सालीं अहमदनगरास (आतां अहिल्यानगर) निघालेल्या 'ज्ञानोदया'सारख्या पत्राच्या संपादकांकडे मजकूर पाठविण्यासारखेंच हें आहे. तेथें उशीर हा दोष नव्हे.

आतां आपल्या लिपीविषयीं. आरंभीं न्यूजग्रुपांत मराठी रोमन अक्षरांतच लिहावें लागे. अविनाश चोपडे यांनीं केलेली आयट्रान्स ही रोमनमधून देवनागरी उमटविण्याची पद्धति त्या काळीं पुष्कळांच्या उपयोगीं पडली. युनिकोड आल्यावर ही अडचण दूर झाली, तरी धाडतांना 'यूटीएफ-८' हा अक्षरसंकेत निवडलेला असावा लागतो. उत्तर येऊन त्यांत आपल्या मजकुराच्या जागीं परकीं, विचित्र रोमन अक्षरें दिसलीं तर घाबरूं नये. मजकूर बहुधा शाबूत असतो, वाचणाऱ्यानें संकेत बदलला कीं दिसूं लागतो. परंतु ओळच्या ओळ प्रश्नचिन्हांची दिसली तर अक्षरें वाटेंतच गळालीं. तीं परत मिळत नाहींत.

आज या समूहांची वर्दळ फारच ओसरली आहे. पुष्कळ इंटरनेट कंपन्यांनीं आपले न्यूज-सर्व्हर बंद केले, व २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्समधूनहि यूजनेटवर नवा लेख धाडतां येत नाहीं. जुने तेवढे वाचावयास मिळतात. तरी स्वतंत्र सर्व्हर चालू आहेत. ज्या विद्यार्थ्यांस प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं 'ऑल्ट.टेस्ट' किंवा 'मिस्क.टेस्ट' या समूहांत करावा. ते चांचणीसाठींच ठेवलेले आहेत. पहिला लेख दोन ओळींचा, देवनागरींत असावा. तो धाडून झाल्यावर पडदा ताजा करावा, 'फक्त न वाचलेले दाखवा' अशी निवड केलेली असेल तर ती काढावी, आणि शक्य तर शेजारच्या यंत्रावरून तोच समूह उघडून पाहावा. त्या दोन ओळींत स्वतःचें किंवा दुसऱ्या कोणाचें पूर्ण नांव मात्र लिहूं नये.